वाघ चिडलाय हे कुठे दिसतं?

ताडोबाहून आलेल्या फोटोंत जबडा वासलेला एक वाघ हमखास असतो आणि खाली ओळ असते, 'जंगलाच्या राजाची डरकाळी'. अनेकदा वाघोबा नुसती जांभई देत असतात. दुसऱ्या फोटोत नाक आक्रसलेलं, ओठ वर, सुळे बाहेर. हा म्हणे चवताळलाय. प्रत्यक्षात तो झाडावर दुसऱ्या वाघाने उडवलेल्या मुताचा वास टाळूतल्या इंद्रियापर्यंत ओढून घेत असतो. अ‍ॅनिमेशन शिकणारेही नेमके इथेच फसतात.

गैरसमज: भावना चेहऱ्यावर असते, डोळे-भुवया जमल्या की झालं.

वरच्या दोन्ही वाघांचं नुसतं धड पाहा. भार चारही पायांवर सारखा, शेपटी सैल. खरोखर चिडलेला वाघ कान असे मागे पाडतो की कानांमागचे पांढरे ठिपके समोरून दिसू लागतात. अंग दबतं, शेपटी फटकारे मारते. तोंड झाकलं तरी राग लपत नाही. माणसाचंही तेच. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये अंधारात चालणाऱ्या माणसाच्या फक्त सांध्यांवरचे दिवे लोकांना दाखवले. ते मोजके ठिपके हलताच 'माणूस चालतोय' हे क्षणात ओळखू आलं; थांबले की नुसते ठिपके. पुढच्या प्रयोगांत तशाच ठिपक्यांवरून राग, दुःख, आनंदही ओळखता आला. डिस्नेकडे अर्धवट भरलेल्या पिठाच्या पोत्याचा सराव असे: तोंड नाही, हातपाय नाहीत, तरी ते रुसलेलं दिसलं पाहिजे.

गैरसमज: हातवारे जितके जास्त, तितकी भावना जास्त.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांवर शहरी माणूस 'नुसते हातवारे' असा शिक्का मारून मोकळा होतो. दिवाळीनंतर देसाईगंज-वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव रात्र-रात्र प्रयोग करतात. मैदानाच्या टोकाला बसलेल्याला नटाच्या भुवया दिसायची सोय नाही, तेव्हा अभिनय मोठा करावाच लागतो. (याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे शिक्के मारणाऱ्यांनी जरा आठवावं.) पण मोठा म्हणजे सतत वळवळणारा नव्हे. मागच्या माणसापर्यंत पोचतो तो शरीराचा आकार आणि त्यातला ठहराव: खांदे कधी पडले, पाऊल कुठे अडलं.

अ‍ॅनिमेशनमध्ये हा हिशेब फ्रेममध्ये होतो, सेकंदाला २४. वनरक्षकाचं डोकं खसफस झाली तिकडे वळवायचंय. ४ फ्रेममध्ये वळलं तर तो दचकला. २० मध्ये वळलं तर त्याला संशय आलाय. सुरुवातीचं चित्र तेच, शेवटचंही तेच. वळल्यावर सेकंदभर तसाच ठेवला तर पुढची धास्ती प्रेक्षक स्वतःच घेतो. संगणकावर मात्र पात्र पुरतं थिजवलं की मेल्यासारखं दिसतं, म्हणून छातीचा श्वास तेवढा चालू ठेवायचा.

गैरसमज: आता नटाच्या अंगावर सेन्सर लावले की काम भागतं.

माणसाचा माणूसच करायचा असेल तर बरंचसं भागतं, तरी हाताने दुरुस्ती सुटत नाही. वाघाचं नाही भागत. आपला खांदा गळ्याखालच्या हाडाने छातीला जोडलेला असतो. वाघाचं खांद्याचं पातं धडाला धरून ठेवतात ते स्नायू. म्हणून सावजाकडे सरकताना पात्यांची टोकं पाठीच्या रेषेवर आळीपाळीने वर येतात, डोकं मात्र एका पातळीत पुढे जात राहतं. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो त्या खांद्यांमुळे. ते सपाट राहिले तर पट्टे कितीही चोख रंगवा, पडद्यावर वाघाचं सोंग घेतलेला माणूसच चालताना दिसतो.