घरच्या संगणकावर नको त्या वेबसाइट कशा रोखाल? एक रुपयाही न देता दहा मिनिटांत होणारे काम

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातील अनेक घरांत आई-बाबा सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात, ते रात्रीच परततात. दुपारी शाळेतून आलेली मुले आणि अभ्यासासाठी घेतलेला संगणक, एवढेच घरात असतात. एका चुकीच्या क्लिकने अश्लील किंवा फसवी साइट उघडू शकते. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही.

सरकारी बंदी पुरेशी नाही का?

सप्टेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने ६७ अश्लील वेबसाइट बंद करण्याचे आदेश इंटरनेट कंपन्यांना दिले. त्यातील ६३ पुण्यातील न्यायालयाच्या आदेशानुसार होत्या. पण अशी बंदी ठरावीक नावांवर असते. नाव थोडे बदलून तीच साइट पुन्हा सुरू करता येते. म्हणून घरची गाळणी आपणच बसवलेली बरी.

गाळणी नेमकी कुठे बसते?

वेबसाइटचे नाव टाकले की संगणक आधी 'डीएनएस'ला तिचा आकडी पत्ता विचारतो. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. क्लाउडफ्लेअर कंपनीने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी मोफत डीएनएस सुरू केला. तो अश्लील आणि व्हायरस पसरवणाऱ्या साइटचा पत्ता देतच नाही.

विंडोज ११ मध्ये काय करायचे?

१. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज या क्रमाने जा. केबलने नेट असेल तर ईथरनेट उघडा.
२. 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट'समोरील एडिट दाबून 'मॅन्युअल' निवडा.
३. आयपीव्ही४ सुरू करून १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते इंग्रजी अंकांत भरा.
४. आयपीव्ही६ सुरू करून २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ भरा. ही पायरी राहिली तर गाळणीला वळसा घालून साइट उघडू शकते.
५. सेव्ह करून संगणक रीस्टार्ट करा.

नेट अडखळले, तर पुन्हा 'ऑटोमॅटिक' निवडा. सगळे पूर्ववत होते.

एखादीच साइट बंद करायची असेल तर?

नोटपॅडवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. सी ड्राइव्हमधील विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमधील 'होस्ट्स' फाइल उघडा. ती दिसत नसेल तर 'ऑल फाइल्स' निवडा. शेवटी नव्या ओळीत ०.०.०.० लिहून एक जागा सोडा आणि साइटचे नाव इंग्रजीत टाका. सुरुवातीला तीन डब्ल्यू असलेले नाव वेगळ्या ओळीत लिहा. फाइल सेव्ह करा.

किल्ली कोणाकडे?

बहुतेक घरांत चूक होते ती इथे. मुले अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातूनच संगणक वापरत असतील, तर हे सगळे त्यांना मिनिटभरात काढता येते. म्हणजे कुलूप लावले आणि किल्ली दारालाच ठेवली! सेटिंग्जमधील 'अकाउंट्स'मध्ये मुलांसाठी वेगळे 'स्टँडर्ड यूजर' खाते उघडा आणि स्वतःच्या खात्याला पासवर्ड लावा. मग या दोन्ही गोष्टी बदलायला तो पासवर्ड लागेल.

यातून काय सुटते?

डीएनएस फक्त साइटचे नाव पाहतो. त्यामुळे यूट्यूबवरील एखादा व्हिडिओ अडत नाही. त्यासाठी यूट्यूबचा 'रिस्ट्रिक्टेड मोड' सुरू करा. व्हीपीएन वापरले किंवा ब्राउझरच्या 'सिक्युअर डीएनएस'मध्ये दुसरी कंपनी निवडली, तरी गाळणी चुकवता येते. मुलांच्या मोबाइलवरही याचा परिणाम होत नाही.

म्हणून हे सगळे गुपचूप करू नका. काय बंद केले आणि का, हे मुलांना शेजारी बसवून सांगा. चुकून काही उघडले तर ओरडा बसणार नाही, असा विश्वास असेल तरच मूल ते लपवण्याऐवजी तुम्हाला येऊन सांगेल.