ऑक्सिमीटरवर ९४ दिसले तर? घरी मोजताना हे लक्षात ठेवा

वसई-विरार : एप्रिल २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत येथील रुग्णालयांत ऑक्सिजनची टंचाई झाली आणि घराघरांत ऑक्सिमीटर आले. ताप-खोकल्यात ते आजही कपाटातून बाहेर निघतात. पण आकडा नीट वाचता यायला हवा.

हे यंत्र बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ठरवते. नेलपॉलिश किंवा गार बोटांमुळे आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्तही दिसू शकतो.

मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. हात न हलवता आकडा स्थिरावू द्या. ९५ ते १०० सामान्य. ९४ किंवा कमी आल्यास डॉक्टरांना कळवा. ९०च्या खाली गेल्यास १०८ला फोन करा. फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावी.

धाप लागली असेल, ओठ निळसर पडले असतील, तर आकडा चांगला दिसला तरी थांबू नका.