स्थानबद्धांच्या गावात सुट्टी

रत्नागिरीत चार दिवस आरामात काढायला निघालेल्या माणसाने एवढं ध्यानात ठेवावं, की ज्या निवांतपणासाठी आपण हॉटेलवाल्याला पैसे मोजतो, तोच निवांतपणा इंग्रज सरकार इथे शिक्षा म्हणून देत असे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की मुंबईची वाट मिटलीच. एरवीही आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं ट्रंका-वळकट्यांसकट पडावातून काठाला यायची. नकोशा माणसाला ठेवायला याहून सोयीची जागा सरकारला शोधावी लागली नाही.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ च्या एप्रिलमध्ये इथे आला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आदल्या नोव्हेंबरात त्याची राजधानी मंडाले इंग्रजांच्या हाती पडली. त्याला आधी मद्रासला नेलं, मग इकडे धाडलं. थिबा राजवाड्यात शिरणाऱ्या बहुतेकांना वाटतं की राजाने उरलेलं सगळं आयुष्य याच तांबड्या तिमजली वास्तूत काढलं. तसं नाही. पहिली चोवीस वर्षं तो बंगल्यांतच राहिला. वाडा राहण्याजोगा झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे राजवाड्याचं सुख जेमतेम सहा वर्षांचं! तनखा पुरत नसे, म्हणून मंडालेहून बरोबर आणलेली रत्नं एकेक करून विकली गेली. वाड्याच्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांवरचं कोरीवकाम सवडीने पाहावं. छायाचित्र सगळे दर्शनी बाजूचंच काढतात. मला मात्र वाड्यापेक्षा त्याची जागा जास्त बोलकी वाटते. जवळच्या थिबा पॉइंटवर उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी, राजिवडा आणि पलीकडे उघडा समुद्र दिसतो. जहाज दिसेल, पण त्यात बसता येणार नाही, अशी ती जागा.

राणी सुपयालत १९१९ मध्ये मुलींसह रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. वाड्यावरच्या पहारेकऱ्यावर, गोपाळ सावंतांवर, तिचा जीव जडला होता. १९४७ मध्ये ती इथेच वारली. तिची मुलगी याच गावात मराठी बोलत वाढली आणि इथेच संसाराला लागली. थिबाची कबर शिवाजीनगर भागात आहे. म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन २०१२ मध्ये तिथे येऊन गेले. पर्यटकांच्या गाड्या सहसा तिकडे वळत नाहीत. त्यांनी वळावं.

दुसरे स्थानबद्ध सावरकर. १९२४ मध्ये त्यांची सुटका झाली ती दोन अटींवर: रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात पडायचं नाही. मुदत वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. राजकारण बंद, म्हणून त्यांनी गावातल्या जातींच्या भिंतींकडे मोर्चा वळवला. त्यातून १९३१ चं पतितपावन मंदिर उभं राहिलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा. भंडारी समाजातला हा रत्नागिरीकर मुंबईत ठेकेदारीवर मोठा झाला होता. सावरकरांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाऊ देणारं मंदिर त्या काळात, तेही अशा आडगावात, ही लहान गोष्ट नव्हती. गांधीजी १९२७ मध्ये सावरकरांना इथेच येऊन भेटले. स्थानबद्धांखेरीज गावचा स्वतःचा माणूस म्हणजे टिळक. त्यांचा जन्म १८५६ चा, इथल्या टिळक आळीतला. ते घर कौलारू आहे, नीट जपलेलं आहे, अर्ध्या तासात पाहून होतं.

जिवंत रत्नागिरी बघायची तर मिरकरवाडा बंदरावर जावं. चपला जुन्या घालाव्यात. तिथली जमीन मासळीच्या पाण्याने कायम ओली असते. बोट लागली की खलाशी बर्फात भरलेले क्रेट हातोहात वर देतात, लिलाव सुरू होतो आणि बोली इतक्या भराभर चढते की नवख्याला आकडा कळेपर्यंत मासळी टेम्पोत चढलेली असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. राज्य सरकारच्या २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा दिली. त्यामुळे दिवाळीत येणाऱ्याला पर्ससीनचा हंगाम भर जोरात दिसतो. हे जाळं बांगड्याच्या थव्याभोवती गोल सोडतात आणि खालून बटव्यासारखं आवळतात. सगळा थवा एका फेरीत वर येतो. पारंपरिक मच्छीमारांचा राग त्यावरच आहे. एलईडी दिव्यांच्या उजेडात मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, पण त्या दिव्यांवरून किनाऱ्यावर भांडणं अजून होतात. सुट्टीवर आलेल्याने मध्ये पडू नये. ऐकावं मात्र जरूर.

रत्नदुर्ग किल्ल्यावर भगवती देवीचं देऊळ आणि दीपगृह आहे. किल्ल्याच्या एका अंगाला पांढऱ्या वाळूचा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळ्या वाळूचा. गावकरी त्यांना सरळ पांढरा समुद्र आणि काळा समुद्रच म्हणतात. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी एकाच बागेत लावलेली दिसते. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रात देवमाशाचा सांगाडा आहे. मुलं बरोबर असतील तर तिथे दुपार आपोआप सरते.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली आणि गावाचं आडवळण संपलं. उत्तरेकडून येताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. स्टेशन गावाबाहेर, कुवारबावच्या बाजूला आहे. रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्यावं. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा बेत त्या हिशेबाने आखावा. आणि दिवाळीत हापूस मागू नये. तो एप्रिलचा पाहुणा.