चालू पड

यंदा अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी सातिवलीच्या आमच्या तीस गुंठ्यांतली विहीर बुजवली गेली. तीन दिवस डंपर येत होते. पाडलेल्या कुठल्याशा चाळीच्या विटा, फुटक्या फरश्या आणि अखंड राहिलेले एक न्हाणीघराचे दार, एवढे सारे तिने निमूटपणे पोटात घेतले. जमीन आम्हां दोघां भावांच्या सामाईक खात्यात असल्यामुळे गोदामासाठी द्यायच्या भाडेपट्ट्यावर माझीही सही लागली; आणि बत्तीस वर्षे महसुली कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाच्या नजरेखालून गेल्याखेरीज घरातला कोणताही दस्त पावन होत नाही, अशी आमच्याकडे समजूत असल्यामुळे मसुदाही मलाच वाचावा लागला. त्यात मिळकतीचे वर्णन ‘मोकळी व पडीक’ असे होते. मी एक वेलांटी दुरुस्त केली, सही केली आणि कागद परत दिला. पण ‘मोकळी’ हा शब्द तेव्हापासून घशात अडकून बसला आहे.

वसईचा मागोवा घेणारे सहसा १७३९ पासून आरंभ करतात. चिमाजी अप्पांच्या पराक्रमाविषयी मला आदर आहे. परंतु तो किल्ला, ती घंटा आणि ते तट इतक्यांदा वाचून झाले आहेत, की त्यांच्याशी आमच्या वांग्यांचा काही संबंध लावण्याची इच्छा उरत नाही. नंतरचे लेखक रमले ते रुळांच्या पश्चिमेस: तिथल्या वाड्या, पानवेली, राजेळी केळ्यांची सुकेळी, झाडांच्या सावलीतली बावखले. तुंगारेश्वराच्या पायथ्याकडची आमची बाजू मात्र भाताची, आणि भातानंतर उरल्या ओलीवर येणाऱ्या वालाची. तिच्यावर कोणी ललित लिहिले नाही. १९८८ नंतर वसईच्या शेतजमिनी बांधकामाला मोकळ्या होऊ लागल्या, सिडकोचे नकाशे आले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचे लोक रस्त्यावर उतरले. त्या चळवळीचा मी ऋणी आहे. तरीही मनातली एक जुनी अढी सांगून टाकतो: सामान्य वसईकराच्या मनातला हिरवा रंग रेल्वेच्या रुळांपाशी संपत असे, आणि पूर्वेकडे गाळ्यांवर गाळे चढत असताना ‘तिकडे काय, कारखानेच आहेत’ असे म्हणणाऱ्यांत आमचे पश्चिमेकडचे सोयरेही होते.

२००९ च्या जुलैत चार नगरपालिका आणि पन्नासाहून अधिक गावे एकत्र करून महानगरपालिका झाली, त्याच्या पुढच्या वर्षी आमचा उपक्रम सुरू झाला. कल्पना माझी नव्हे. वसईतल्या एका वाचनालयात जमणाऱ्या मंडळींपैकी कोणीतरी जपानातल्या ‘तेईकेई’विषयी वाचले होते, तिथे १९७०च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी शेतकऱ्याशी थेट करार करून त्याचे पीक वाटून घ्यायला सुरुवात केली होती, आणि अमेरिकेतही १९८६ पासून तसे मळे चालत होते. मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ नावाने अशा टोपल्या जाऊ लागल्याचे वर्तमान होते. आम्ही सगळे मिळून उंबरगावाजवळ देहरीला भास्कर सावे यांची ‘कल्पवृक्ष’ बाग पाहून आलो, परतीच्या गाडीत सर्वांना मातीविषयी भरते आले, आणि अठ्ठावीस घरांनी महाशिवरात्रीला आगाऊ पैसे भरले. अट एकच होती: पिकले तर सगळ्यांचे, जळाले तरी सगळ्यांचे. हे कलम मीच लिहिले होते, आणि कचेरीच्या सवयीने त्याखाली अठ्ठावीस सह्याही घेतल्या होत्या.

त्या दशकातले उन्हाळे मला अजून वासांनी आठवतात. पहाटे चारला गोणपाट भिजवून ठेवायचे, कारण सूर्य वर आला की माठ अर्ध्या तासात मान टाकतो. भेंडी एक दिवसाआड तोडलीच पाहिजे. तिसऱ्या दिवशी ती निबर होते आणि चौथ्या दिवशी फक्त बियाण्याच्या कामाची उरते. तिची लव अंगाला लागून खाज सुटते म्हणून भर वैशाखात पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा लागे, आणि तो घालून वाफ्यात वाकलेल्या मला पाहून पायथ्याच्या पाड्यावरून येणाऱ्या, आमची खरी तोडणी करणाऱ्या मावशी तोंडाला पदर लावून हसत. कारल्याचा मांडव बांबूचा होता, त्यावरच पडवळही सोडलेले असे. पडवळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने खडा बांधायचा, आणि हिरव्या छताखाली लोंबणारे ते खडे चुकवत चालायचे. कारल्याला फळमाशी लागते म्हणून एकेका फळाला वर्तमानपत्राची पुडी बांधण्याचे काम माझे होते. अग्रलेखांचा इतका सदुपयोग मी अन्यत्र पाहिलेला नाही. वीज बहुधा रात्री येई, म्हणून कंदील घेऊन बारे द्यावे लागे. दांडातून पाणी तापल्या मातीत शिरताना जो आवाज होतो, तो ऐकायला आमच्या वहिनी झोपमोड करून बांधावर येऊन बसत.

मग केळीच्या पानावर अठ्ठावीस वाटे लागत. मच्छीबाजारातला वाटा आणि वडिलोपार्जित इस्टेटीतला वाटा यांना आपण एकच शब्द वापरतो, यातले शहाणपण मला तिथे कळले.

आता हिशेब. एक सेवानिवृत्त बँक अधिकारी घरी नेलेली पिशवी पुन्हा तोलून तूट कळवीत. ज्या बाई मृद्गंधावर अर्धा तास बोलत, त्या वाकडा दुधी कधीच उचलत नसत. मे महिन्यात ढोबळी मिरची का नाही, असा लेखी तक्रारअर्ज मला आला आहे. ज्या वर्षी फळमाशीने कारली खाल्ली, त्या वर्षी सहा घरांनी पैसे परत मागितले आणि स्वतःच्या सह्या ओळखण्यास नकार दिला. या सर्वांना मी मनात पुष्कळ वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. परंतु फिर्यादीचे हातही स्वच्छ नव्हते.

२०१६ चा उन्हाळा होता. लातूरला आगगाडीने पाणी नेले जात होते, आणि आमच्या शेजारच्या विहिरीवर टँकर रात्रंदिवस भरत होते. तिचा झरा आणि आमचा झरा एकच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या विहिरीत घागर बुडेना. गवार वाळली, काकडी कडू निघू लागली. जळाले तरी सगळ्यांचे, हे कलम सांगण्याची वेळ ती होती. मी काय केले? पहिली गाडी पकडून दादरला गेलो, पुलाखालच्या घाऊक बाजारातून गवार, काकडी आणि चवळीच्या शेंगा घेतल्या, रिक्षातून शेतावर आणल्या आणि वाट्यांत मिसळल्या. तीन आठवडे हे चालले. कोणाच्या लक्षात आले नाही; उलट मृद्गंधाच्या बाईंनी यंदाच्या गवारीला मातीची निराळीच चव असल्याचे आवर्जून कळवले. मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी एक शेंग मोडून पाहिली आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, ही आपली नाय.” मी म्हणालो, “असू द्या.” त्या काही बोलल्या नाहीत; पण त्यानंतर वाटे लावायला त्या बसल्या नाहीत, तोडून झाले की पाटी ठेवून निघून जात. पुढच्या वर्षी त्यांनी वालीवच्या बाजूला एका गाळ्यात पॅकिंगचे काम धरले, आणि मी कारण विचारले नाही.

उरलेली दोन-तीन वर्षे सांगण्यासारखी नाहीत. घरे अठ्ठावीसांची अकरा झाली, २०१८ च्या जुलैतल्या महापुरात मांडव वाहून गेला, आणि तो पुन्हा उभारण्याचा विषय कोणी काढला नाही. २०२० च्या टाळेबंदीत मात्र जुन्या भागीदारांचे सतरा दूरध्वनी आले. ‘तुमच्याकडची ती भाजी’ त्यांना हवी होती. शेतात तेव्हा गुडघाभर गवत होते. आता त्यांच्याकडे दहा मिनिटांत भाजी येते म्हणे, आणि ती सरळ असते.

पूर्वी तलाठी हंगामाअखेर येऊन पीकपाहणी लिहीत, आणि आमच्या भेंडी, गवार, पडवळ, काकडी, चवळी, माठ या सगळ्या संसाराला गाव नमुना बारामध्ये ‘भाजीपाला’ या एका शब्दात बसवीत. तो शब्द तेव्हा मला अपमानास्पद वाटे. २०२१ पासून ही नोंद खातेदाराने स्वतःच मोबाइलवर करायची आहे. गेल्या आठवड्यात पुतण्याने मला शेतावर नेले, कारण छायाचित्र गटाच्या हद्दीत उभे राहूनच काढावे लागते. खडी पसरलेली होती. विहिरीची जागा रोलर फिरवून अशी सपाट केली होती, की ती मला पावले मोजून शोधावी लागली. पडद्यावर दोन पर्याय होते, चालू पड आणि कायम पड. पुतण्या म्हणाला, “काका, कायमच दाबा ना, दरवर्षीची कटकट जाईल.” नियमाने त्याचे म्हणणे बरोबर होते. मी चालू पड नोंदवली, आणि सावलीत जाऊ या म्हणून त्याला घाई केली.