रणगाड्याच्या पुढे चालणारा माणूस

रणगाडा म्हणजे कित्येक टनांचं लोखंडी धूड. रस्त्यात आडवी पाडलेली पाच झाडं त्याला अडवतील का? अडवतात! एका बाजूला डोंगर, दुसरीकडे उतार आणि झाडांभोवती मातीत पुरलेले भूसुरुंग. जाणार कुठून?

१९४८च्या एप्रिलमध्ये, जम्मू-काश्मीरच्या युद्धात, नौशेरा-राजौरी रस्त्यावर आपले रणगाडे असेच अडले होते. वाट मोकळी करायची होती सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना. राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्समधले. सॅपर म्हणजे सैन्यासाठी रस्ते-पूल बांधणारे आणि सुरुंग काढणारे जवान.

रणगाड्यासाठी पुरलेला सुरुंग माणसाच्या पावलाने सहसा फुटत नाही. त्याच्या झाकणावर शंभर-दीडशे किलोंहून जास्त भार पडला, की आतली कळ दबते. म्हणून हाताने काढणं सोपं? छे! खाली दुसरी कळ दडवलेली असू शकते.

आता एक गंमत करून बघा. परातीत रवा पसरा आणि त्यात एक पापड लपवा. काडी सरळ वरून खुपसलीत, तर पापड कट्‌कन मोडेल. तीच तिरकी, हळूहळू सरकवलीत, तर त्याच्या कडेला अलगद टेकेल. सुरुंगही असाच तिरकी सळई सरकवत शोधतात, कारण दाब वरून पडता कामा नये. तुम्ही हे कराल स्वयंपाकघरात, निवांत. राणे आणि त्यांचे जवान काम करत होते मशीनगनच्या गोळ्यांखाली.

८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचे गोळे आले. दोन साथीदार गेले, पाच जण जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणेही होते. तरी उरलेल्यांना गोळा करून ते लगेच कामाला लागले. कुठे झाडं स्फोटाने उडवली, कुठे मोरी उद्ध्वस्त झालेली, तर बाजूने नवी वाट काढली. ती पाच झाडं वाटेत आली ९ तारखेच्या संध्याकाळी. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा तिथे हजर. साडेसहापर्यंत तो अडथळा दूर!

त्याच दुपारी दोन वाजता रणगाडे तवी नदीच्या पात्रातून राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे मात्र मागे रस्त्यावरच होते, कारण रसद घेऊन येणाऱ्या तुकडीला रस्ता हवा होता. न खाता, न थांबता ते रात्री नऊपर्यंत राबले. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात, आणि अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला.

त्या रात्री दहा वाजेपर्यंत पुढे परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले राणे चिंगसच्या पुढचा रस्ता साफ करत होते.