बोटाखालचा रंग कसा ठरतो?

मोबाइलच्या रंगचक्रावर बोट फिरवले, की अ‍ॅपला रंग कळत नाही. कळतात फक्त दोन आकडे, क्ष आणि य. ते सहसा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजले जातात आणि य खाली जाताना वाढतो. म्हणून आधी त्यांतून चक्राच्या केंद्राचे आकडे वजा करतात. केंद्र (150, 150) आणि बोट (150, 210) असेल, तर बोट केंद्राच्या बरोबर खाली, 60 एकक अंतरावर आहे. या दिशेचा कोन रंगछटा ठरवतो. अंतराला त्रिज्येने भागले, की रंगाचा भडकपणा मिळतो. त्रिज्या 120 असेल, तर 50 टक्के. बोट ओढताना चक्राबाहेर गेले, तर कोन बोटाचाच घेऊन अंतर मात्र त्रिज्येइतके धरतात. त्यामुळे निवड मध्येच तुटत नाही.