वाटणीआधीचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या अदालत रोडवर वकिली करणाऱ्या माणसाला उद्याचा बोर्ड आता नोटीस फळ्यापुढच्या गर्दीत माना उंचावून वाचावा लागत नाही. प्रकरण कोणत्या कोर्टात आहे, पुढची तारीख काय, आदेश काय झाला, हे सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की मोबाइलवर दिसतं. २००७ साली सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पाचं हे फळ. त्यामागचं ‘सीआयएस’ हे सॉफ्टवेअर पुण्याच्या एनआयसीत घडलं. न्यायालयांनी त्यासाठी उबुंटू लिनक्स स्वीकारलं, म्हणजे युनिक्सच्याच कुळातली, परवान्याचे पैसे न मागणारी ऑपरेटिंग सिस्टम.

पैसे मागत नसली तरी तिला मुदत असते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. १८.०४ या आवृत्तीची नेहमीची मुदत मे २०२३ मध्ये संपली, २०.०४ची मे २०२५ मध्ये. अनेक कार्यालयांत आणि कारखान्यांत वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेल्या सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ला संपली. त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला कोणी येत नाही, म्हणून अपग्रेड करावंच लागतं. कोर्टाला उन्हाळ्याची नाहीतर दिवाळीची सुट्टी सोयीची, वाळूजच्या कारखान्याला साप्ताहिक सुट्टीचा दिवस.

अपग्रेडच्या बैठकीत वेळ जातो तो आवृत्ती कोणती, दिवस कोणता आणि सर्व्हर किती तास बंद राहणार यावर. डिस्कला पार्टिशनं किती आणि केवढी पाडायची, हा विषय शेवटी, चहाचे कप उचलले जात असताना, ‘मागच्यासारखीच ठेवू’ म्हणून उरकला जातो. मला हा क्रम उलटा वाटतो. ठरलेला दिवस एका फोनवर पुढे ढकलता येतो. एकदा पाडलेलं आणि भरत आलेलं पार्टिशन नंतर लहान करणं हे फार तर धाडसी माणसाचं काम आहे.

मुळात डिस्कचे तुकडे करायचे कशाला? एका भागातली गर्दी दुसऱ्यात शिरू नये म्हणून. युनिक्समध्ये सगळ्या फायली एकाच झाडाला लटकलेल्या दिसतात. खोड म्हणजे ‘रूट’, त्याला ‘यूएसआर’, ‘व्हार’, ‘होम’, ‘बूट’ अशा फांद्या. पण कोणतीही फांदी वेगळ्या पार्टिशनवर, अगदी वेगळ्या डिस्कवरही ठेवता येते. ही सोय गरजेतून आली. युनिक्सचे जनक केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७४च्या निबंधात आपल्या पीडीपी-११/४५ यंत्राचं वर्णन केलं आहे. त्यावरच्या काढघाल करता येणाऱ्या काही डिस्का होत्या प्रत्येकी अडीच मेगाबाइटच्या. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो अशा एका डिस्कवर मावेलच असं नाही. सुरुवातीला ‘यूएसआर’ ही वापरकर्त्यांच्या घरांची जागा होती. रूटची डिस्क पुरेना, तेव्हा प्रोग्रॅमही तिथे राहायला आले आणि तिथलेच होऊन गेले. पन्नास वर्षांनी ही विभागणी मोडीत निघाली आहे. फेडोरा या लिनक्सने २०१२मध्येच दोन्हीकडचे प्रोग्रॅम एकत्र केले, पुढे डेबियनही त्याच वाटेने गेलं. तेव्हा जुन्या सर्व्हरवर यूएसआर वेगळं होतं म्हणून नव्यावरही वेगळं पाडायचं, यात आता राम नाही.

खरं लक्ष हवं ते ‘व्हार’कडे. सर्व्हरमध्ये दिवसागणिक जे वाढतं ते बहुतेक इथे राहतं. लॉग इथे, रांगेत थांबलेली टपाल इथे, उतरवून घेतलेली पॅकेजं इथे, आणि उबुंटूवर पोस्टग्रेस डेटाबेसची सगळी मालमत्ताही मुक्कामाला याच फांदीवर. हे सगळं रूटच्याच पार्टिशनवर असेल आणि एखाद्या बिघडलेल्या प्रोग्रॅमने रात्रभरात लॉगमध्ये एकच ओळ लाखो वेळा लिहिली, तर सकाळी डेटाबेसला लिहायला जागा नसते. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी आपल्या रोजकीर्दीत टिपतो. ती ज्या पार्टिशनवर आहे ते काठोकाठ भरलं की तो जेमतेम रेटत राहत नाही, सरळ बंद पडतो. लॉग वेगळ्या पार्टिशनवर असते तर लॉग थांबले असते, काम चालू राहिलं असतं.

मग केवढं पार्टिशन? इथे बहुतेक जण आजचा वापर बघतात आणि दुप्पट करतात. हा अडाणी हिशेब आहे. संभाजीनगरकराला खरा हिशेब वेगळ्याने समजवायला नको. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे गच्चीवरची टाकी घरात रोज लागणाऱ्या पाण्यावर नव्हे, पुढचं पाणी येईपर्यंतच्या दिवसांवर ठरते. डिस्कचंही तेच. रोजची वाढ किती, आणि ही मांडणी पुन्हा उलगडण्याची संधी किती वर्षांनी मिळणार, या दोन आकड्यांचा गुणाकार हवा.

वाढ कळायला मोजलेलं असावं लागतं. कोणतं पार्टिशन किती भरलं हे सांगणाऱ्या ‘डीएफ’ कमांडचं उत्तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एका फायलीत साठवून ठेवायला, ठरल्या वेळी आपोआप चालणारं एका ओळीचं क्रॉन पुरतं. वर्षभराच्या बारा नोंदी हातात असल्या की वाद संपतो. वाढ सरळ रेषेत असतेच असं नाही, हेही त्यात दिसतं. मार्चअखेरचे हिशेब, निवडणुकीचं काम, नवी योजना आली की रेषा एकदम उभी होते. ई-कोर्ट्सच्याच तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३मध्ये ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्यातले दोन हजार कोटींहून जास्त जुन्या-नव्या कागदपत्रांच्या डिजिटायझेशनसाठी आहेत. स्कॅन केलेलं पान सरासरी १०० किलोबाइटचं धरलं तर एक कोटी पानांना एक टेराबाइट लागतो. गेल्या पाच वर्षांच्या नोंदींत हा आकडा कुठेच सापडणार नाही. तो कारकुनाला आणि रेकॉर्ड रूमला विचारूनच कळतो. आणि असे स्कॅन सिस्टमच्या डिस्कवर ठेवूच नयेत, त्यांना स्वतंत्र साठवण हवी.

आता अपग्रेडची स्वतःची भूक. ती विसरली जाते, कारण काम झाल्यावर तिचा मागमूस उरत नाही. अपग्रेड चालू असताना जुनं आणि नवं शेजारी शेजारी नांदत असतं. नवी पॅकेजं आधी व्हारमध्ये उतरतात, मग यूएसआरमध्ये उलगडतात. नवं कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, बूटमध्ये येऊन बसतं तेव्हा जुनं तिथेच असतं, आणि असावंच, कारण नव्याने दगा दिला तर मशीन त्याच्यावरच उभं राहतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या पाचव्या आवृत्तीच्या काळात बूटला १०० मेगाबाइट पुरेसे समजत. आता किमान एक गिगाबाइट सांगतात. जुन्या मापाचं बूट तसंच ठेवून वर्षानुवर्षं अपग्रेड करत आलेल्या मशीनवर नवं कर्नल अर्धवट लिहिलं जातं आणि गाडी मधेच अडते.

डेटाबेसची भूक याहून मोठी. पोस्टग्रेसची आवृत्ती बदलताना ‘पीजी-अपग्रेड’ हे साधन एरवी सगळा डेटा नव्या जागी नकलतं. शंभर गिगाबाइट असतील तर आणखी शंभर लागतात. नक्कल न करता जुन्याच फायलींना नवी नावं जोडण्याचा पर्याय आहे, काही मिनिटांत काम होतं आणि जागाही लागत नाही. पण नवा डेटाबेस एकदा सुरू केला की जुन्याकडे परतीची वाट बंद. वेळ वाचला म्हणून हा पर्याय घेणाऱ्याने बॅकअप दुसऱ्या मशीनवर आहे ना, हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

काही वेळा जागा असते आणि तरी सर्व्हर ‘जागा नाही’ म्हणतो. ईएक्सटी४ या फाइल सिस्टममध्ये पार्टिशन तयार होतानाच किती फायली मावणार हे ठरून जातं. प्रत्येक फायलीला एक आयनोड लागतो आणि नेहमीच्या हिशेबाने १६ किलोबाइटमागे एक मिळतो. पीएचपीची सेशन साठवणारी डिरेक्टरी वेळच्या वेळी साफ झाली नाही तर तिथे चिमुकल्या फायलींचा ढीग होतो, आयनोड संपतात, आणि ‘डीएफ’ मात्र पार्टिशन निम्मं रिकामं दाखवतं. त्याला ‘-आय’ जोडून विचारलं की मग खरं सांगतं. उलटाही प्रकार घडतो. भलीमोठी लॉग फाइल पुसली, फायलींची मापं बेरजेला घेणाऱ्या ‘डीयू’च्या मोजणीतून ती गेली, ‘डीएफ’मध्ये जागा सुटलेलीच नाही. कारण लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने ती अजून उघडी धरलेली असते. तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केल्याशिवाय ती जागा परत मिळत नाही. अपग्रेडपूर्वीची मोजणी अशा मशीनवर केली तर आकडा फुगलेला येतो. शिवाय ईएक्सटी४ दर पार्टिशनचे पाच टक्के ‘रूट’ याच नावाच्या प्रशासक वापरकर्त्यासाठी राखून ठेवतं. रूटच्या पार्टिशनवर हे शहाणपणाचं, चार टेराबाइटच्या स्कॅनच्या डिस्कवर दोनशे गिगाबाइट अडकवून ठेवणारं.

एक उदाहरण मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या, एकेक टेराबाइटच्या दोन डिस्का आहेत. हाती येतात सुमारे ९३१ गिगाबाइट, कारण दुकानदार हजाराने मोजतो आणि सिस्टम १०२४ने. डेटाबेस आज ८० गिगाबाइट, महिन्याला दोनने वाढतो, पुढचं अपग्रेड चार वर्षांनी. म्हणजे ९६ची भर, एकूण १७६. टेबलं आवरतानाही तात्पुरत्या नकला होतात, म्हणून २२० देऊ. रूटला ६०, बूटला दोन, मशीन सुरू करणाऱ्या ईएफआय पार्टिशनला एक, व्हारला ४०, लॉगना वेगळे २०, होमला दहा, स्वॅपला आठ. स्वॅप रॅमच्या दुप्पट हा नियम रॅम मेगाबाइटमध्ये मोजायचे तेव्हाचा आहे. ६४ गिगाबाइट रॅमच्या मशीनला १२८चा स्वॅप देणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

बेरीज ३६१. उरलेले ५७० कुणाला द्यायचे? कुणालाच नाही. डिस्कची जागा एका साठ्यात घेऊन वाटणारं एलव्हीएम वापरलं असेल तर ही जागा सामाईक साठ्यात तशीच राहू द्यावी. ज्याला कमी पडेल त्याला त्यातून चालू सर्व्हरवर, कुणालाही न उठवता वाढवून देता येतं. चार वर्षांनी डेटाबेसची नक्कल करायची वेळ येईल तेव्हा लागणारे १७६ही यातूनच निघतील. रिकामी जागा बघून अस्वस्थ होणारे साहेब प्रत्येक कार्यालयात असतात. त्यांच्या समाधानासाठी ती आज वाटून टाकू नये. रेड हॅट घराण्याची नेहमीची एक्सएफएस फाइल सिस्टम वाढवता येते, पण लहान करण्याची सोय तिच्यात नाही. ईएक्सटी४ लहान होते, मात्र त्यासाठी ते पार्टिशन वापरातून काढावं लागतं.

आकडे कागदावर बसले की रंगीत तालीम घ्यावी. आठवडाभर आधी कालचा बॅकअप एखाद्या पडीक मशीनवर नव्या मापाच्या पार्टिशनांत उतरवायचा, त्याच्यावर अपग्रेड पूर्ण चालवायचं आणि ते चालू असताना दर मिनिटाला ‘डीएफ’ची नोंद घ्यायची. कोणतं पार्टिशन कोणत्या क्षणी किती वर चढलं हे त्या नोंदीत मिळतं. चढ नव्वद टक्क्यांच्या वर गेला असेल, तर आकडे बदलायला अजून आठवडा शिल्लक असतो.